चार दारे सोडून असलेला दवाखाना: नौपाड्यातील एक प्रकरण

ठाण्याच्या नौपाड्यात आमचे औषधांचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले आणि फार्मसीची पदविका घेऊन मी त्यात बसलो. दुकानापासून चार दारे सोडून, एका जुन्या दुमजली पागडीच्या इमारतीच्या तळमजल्यावर, एका एम.बी.बी.एस. डॉक्टरांचा दवाखाना होता. दोन वर्षांपूर्वी जूनअखेर तो कायमचा बंद झाला. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत त्यांच्या पेशंटांचे काय झाले, हे मला काउंटरच्या मागून जवळून पाहता आले. त्यांपैकी एका पेशंटची हकीकत येथे सविस्तर मांडत आहे. ती त्यांच्या संमतीने लिहिली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यांना मी येथे काकू म्हणेन, कारण दुकानातही मी त्यांना तसेच म्हणतो.

दवाखाना बंद होण्याचे निमित्त ठाण्यात नेहमीचेच होते. इमारत पुनर्विकासाला गेली. विकासक पर्यायी जागेचे भाडे देणार होता आणि चार वर्षांनी नवा गाळाही मिळणार होता. परंतु डॉक्टर चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि चार वर्षांनी पुन्हा पाटी लावण्याचा त्यांचा विचार नव्हता. पूर्वी अशा वेळी एखादा तरुण डॉक्टर वर्षभर जोडीला बसे, पेशंट त्याला सरावत, मग तो थोडेफार पैसे मोजून दवाखाना ताब्यात घेई. आता एम.बी.बी.एस. झालेला मुलगा एम.डी.च्या प्रवेशपरीक्षेच्या मागे असतो आणि गोखले रस्त्याच्या आसपासच्या गाळ्याचे भाडे जनरल प्रॅक्टिसच्या फीमधून निघत नाही. डॉक्टरांनी दोघा-तिघांना विचारून पाहिले होते, पण कोणी आले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या दारावर पुठ्ठ्यावर लिहिलेली सूचना लागली: ‘३० जूनपासून दवाखाना कायमचा बंद होत आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.’ म्हणजे सुमारे तीन आठवड्यांची मुदत. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे विनियम असे सांगतात की एकदा रुग्ण हाती घेतल्यावर त्याला व त्याच्या कुटुंबाला पुरेशी पूर्वसूचना दिल्याखेरीज डॉक्टरने उपचारांतून अंग काढून घेऊ नये. ‘पुरेशी’ म्हणजे किती दिवस, हे मात्र त्यात लिहिलेले नाही. माझ्या मते हा हिशेब पेशंटच्या फेऱ्यांवरून करायला हवा. रक्तदाबाचा पेशंट महिन्याने येतो, थायरॉईडचा तीन महिन्यांनी येतो, आणि मुलाकडे घोडबंदर रोडला राहायला गेलेले आजोबा ‘आपला डॉक्टर तो आपला’ म्हणून नौपाड्यापर्यंत येतात ते औषध संपल्यावरच. दारावरची सूचना तीन आठवडे राहिली, तर तिमाही येणाऱ्या बहुतेकांना ती दिसतच नाही. त्यांना दिसते ते थेट कुलूप, आणि कुलूप पाहून ते शेजारच्या केमिस्टकडे येतात.

तसे ते आलेच. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या दुकानात रोज सायंकाळी एकच प्रश्न चार-पाच वेळा येई: मागचीच गोळी द्या, नवीन डॉक्टर मिळेपर्यंत. औषध नियम, १९४५ (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांतील तरतूद याबाबत स्पष्ट आहे. डॉक्टरने चिठ्ठीवर तसे लिहिले नसेल तर ती चिठ्ठी एकापेक्षा अधिक वेळा चालत नाही, आणि औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता व तारीख टाकायची असते. अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधे अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे अधिक कडक नियंत्रणाच्या यादीत, असल्याने त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. झोपेच्या गोळीला मी सरळ नाही म्हणालो. परंतु रक्तदाबाची गोळी अचानक बंद पडणे हेही धोक्याचे असते, हे ठाऊक असल्यामुळे काही ओळखीच्या पेशंटांना जुन्या चिठ्ठीवर दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या मी दिल्या. नियमाने हे चूक होते आणि त्याचे समर्थन मी करत नाही. त्याहून मोठी चूक अशी की त्या वेळी या चिठ्ठ्यांची झेरॉक्स काढून ठेवण्याचे मला सुचले नाही.

काही पेशंटांकडे तर चिठ्ठीच नव्हती. डॉक्टर जुन्या पद्धतीचे होते आणि बरीच औषधे स्वतःच देत. कंपाउंडर बरण्यांतून गोळ्या काढून कागदाच्या पुड्या बांधी, पुडीवर सकाळसाठी एक रेघ आणि रात्रीसाठी दोन रेघा ओढी. एका मधुमेही गृहस्थांनी माझ्यासमोर रिकामी पुडी उलगडली आणि ‘एक पांढरी लहान, एक पांढरी लांबट, आणि एक फिकट गुलाबी, मधे चीर असलेली’ असे वर्णन केले. लांबट गोळी मेटफॉर्मिन असावी एवढा तर्क मी करू शकलो. पण तर्कावर औषध देता येत नाही. शेवटी त्यांची साखर व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा आकडा) तपासून नव्या डॉक्टरांना सगळे पहिल्यापासून ठरवावे लागले. पूर्वीची मात्रा काय होती, हे आजतागायत कोणालाही कळलेले नाही.

राहता राहिले केस पेपर. दवाखान्यात टेबलामागे एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात जाड कागदाची कार्डे आडनावाप्रमाणे लावलेली होती. एका कुटुंबाला एक कार्ड. नवरा, बायको, सासू, मुले सगळ्यांच्या नोंदी एकाखाली एक, तारखेने, डॉक्टरांच्या आखूड अक्षरात. कार्ड भरले की त्याला पाठीमागे दुसरे टाचले जाई. ही पद्धत कुटुंबाचा डॉक्टर या कल्पनेला शोभणारी होती, परंतु हस्तांतराच्या वेळी तीच नडली, कारण सुनेने कार्ड नेले की सासूची नोंदही तिच्याबरोबर गेली. २००२ च्या विनियमांत रुग्णाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात अशी तरतूद आहे. पण ज्या दवाखान्यात खाटच नाही तेथील कार्डांचे बंद होताना काय करावे, हे त्यावरून ठरत नाही. नर्सिंग होमच्या नोंदणीचा राज्याचा १९४९ चा कायदाही खाटा असलेल्या ठिकाणांसाठी आहे. इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक रहिवासी एखाद्या दवाखान्याच्या यादीवर नोंदलेला असतो आणि तो दवाखाना बंद झाला तर तेथील आरोग्य यंत्रणा त्या यादीची व्यवस्था लावते. आपल्याकडे यादी असते ती पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीची व्यवस्था कंपाउंडरच्या सवडीवर. येथे कंपाउंडरने शेवटच्या आठवड्यात जो मागेल त्याला कार्ड देऊन टाकले. उरलेली पेटी डॉक्टरांनी बरोबर पुण्याला मुलाकडे नेली.

आता काकूंविषयी. वय ६६. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची मिट्रल झडप खराब झालेली आणि वीस वर्षांपूर्वी परळला शस्त्रक्रिया करून तेथे धातूची कृत्रिम झडप बसवलेली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. काकू अ‍ॅसेनोकुमरॉल घेत होत्या. या औषधाची मात्रा ठरते ती आय.एन.आर. नावाच्या रक्ततपासणीवरून. औषध न घेणाऱ्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो, काकूंचा २.५ ते ३.५ या पट्ट्यात ठेवायचा होता. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. काकूंची मात्रा सोमवार ते शुक्रवार २ मिलिग्रॅम आणि शनिवार-रविवार १ मिलिग्रॅम अशी वर्षानुवर्षे ठरलेली होती.

डॉक्टर गेल्यावर काकूंच्या मुलाने त्यांना प्रथम घोडबंदर रोडवरील एका मोठ्या खाजगी रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. हे स्वाभाविक होते. धातूची झडप म्हटल्यावर कोणालाही आधी हृदयाचाच डॉक्टर आठवतो. तज्ज्ञांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करवून घेतला, झडप व्यवस्थित असल्याचे सांगितले, औषधे तीच ठेवली आणि सहा महिन्यांनी बोलावले. त्यात काही चुकीचे नव्हते. मात्र आय.एन.आर. महिन्याला पाहायचा असतो आणि दर महिन्याला त्यासाठी मुलाने रजा टाकून आईला तेथवर न्यावे, हे जमण्यासारखे नव्हते. तेव्हा काकूंनी जवळच, चालत सात मिनिटांवर असलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंकडे जायचे ठरवले. त्यांचा दवाखाना नवा, डिग्री एम.बी.बी.एस., स्वभाव शांत. जुलैच्या अखेरीस तेथे पहिला आय.एन.आर. झाला, तो १.९ आला.

धातूच्या मिट्रल झडपेला १.९ हा आकडा कमीच. डॉक्टरबाईंनी आठवड्याची मात्रा वाढवली: रोज २ मिलिग्रॅम आणि सोमवारी व गुरुवारी ३. पंधरा दिवसांनी तपासणी केली तेव्हा आकडा २.८ वर आला होता. सगळे समाधानी झाले. पुढची तपासणी महिन्याने करायला सांगितली होती. परंतु मधे गणपती आले, घरी पाहुणे आले, आणि ती राहून गेली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काकू दुकानात आल्या त्या दातांच्या पेस्टसाठी. ‘अरे, हिरड्यांना चांगली अशी एखादी दे. ब्रश केला की थुंकी लाल होते.’ पिशवी घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा दंडावर आणि मनगटाजवळ निळसर काळे डाग दिसले. कुठे आपटलात का म्हणून विचारले, तर नाही म्हणाल्या. पेस्ट मी परत फळीवर ठेवली, त्यांना दुकानातील स्टुलावर बसवले आणि मुलाला फोन लावला. त्याच दिवशी सायंकाळी आय.एन.आर. झाला. आकडा ५.८ होता.

डॉक्टरबाईंनी लगेच गोळी थांबवली, रक्तस्राव हिरड्यांपुरताच आहे याची खात्री केली आणि कोणती लक्षणे दिसल्यास रात्री-अपरात्रीही थेट रुग्णालयात जायचे, ते मुलाला लिहून दिले. अ‍ॅसेनोकुमरॉलचा परिणाम तुलनेने लवकर ओसरतो. तिसऱ्या दिवशी आकडा ३.१ वर आला आणि गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली. प्रकरण येथे निभावले. पण जुलैत कमी पडलेली मात्रा सप्टेंबरात जास्त का झाली, हे कोडे कोणालाच उलगडत नव्हते. नवे औषध घेतलेले नव्हते, वेदनाशामक नव्हते, अँटिबायोटिक नव्हते.

उलगडा जुन्या कार्डावरून झाला, तोही योगायोगाने. काकूंचे कार्ड कंपाउंडरने त्यांच्या धाकट्या जावेला दिले होते, कारण आडनाव एक आणि ती आधी मागायला आली. ते मिळवून आम्ही तिघे, म्हणजे डॉक्टरबाई, काकूंचा मुलगा आणि मी, दवाखान्यातील टेबलावर मागील वर्षांच्या नोंदी लावत बसलो. दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या नोंदीसमोर एक खूण होती: ‘श्रा. +’, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुठेतरी ‘ग. नंतर पूर्ववत’. पहिल्यांदा आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही. काकूंनाच विचारले, तेव्हा त्या हसल्या. ‘अहो, डॉक्टर दर पावसाळ्यात विचारायचे, मासे बंद झाले का म्हणून.’

काकूंच्या घरी एरवी आठवड्यातून चार दिवस मासळी असते. आषाढाची अमावस्या झाली की ती बंद होते, थेट गणपती जाईपर्यंत. या काळात ताटात येतात त्या पालेभाज्या. येऊरच्या पाड्यांवरून बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन येतात, जांभळी नाक्याच्या बाजारात मेथी, चवळई, अळू मिळते, आणि काकू या भाज्यांच्या हौशी. हिरव्या पालेभाज्यांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते आणि अ‍ॅसेनोकुमरॉल नेमके त्याच्याच कामात अडथळा आणून रक्त पातळ ठेवते. त्यामुळे श्रावणात आकडा खाली येई. डॉक्टर दोन महिन्यांपुरती शनिवार-रविवारची मात्रा २ मिलिग्रॅम करत आणि मासे सुरू झाल्यावर पुन्हा खाली आणत. भाजी सोडा असे त्यांनी काकूंना कधी सांगितले नाही. नव्या डॉक्टरबाईंनी जुलैचा आकडा पाहून मात्रा वाढवली, हेही बरोबरच होते. पण ही वाढ मोसमी आहे आणि ती परत घ्यायची आहे, हे त्यांना कळण्याचा काही मार्गच नव्हता.

मला या प्रकरणातून कळले ते एवढेच, की पेशंटचे जे नुकसान झाले ते दवाखाना बंद झाल्यामुळे कमी आणि डॉक्टरांच्या डोक्यातील माहिती कागदावर न उतरल्यामुळे जास्त झाले. ‘श्रा. +’ ही खूण डॉक्टरांनी स्वतःसाठी केलेली होती. शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांनी दीर्घकालीन आजाराच्या प्रत्येक पेशंटला अर्ध्या पानाचा सारांश लिहून दिला असता, म्हणजे आजार, औषधे व मात्रा, कशाची अ‍ॅलर्जी, शेवटच्या तपासण्या आणि त्या पेशंटची एखादी खोड, तर माझ्या अंदाजाने रोज दहा पाने झाली असती. हे मी त्यांना नंतर फोनवर बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मला वाटलं, सगळे मोठ्या डॉक्टरांकडेच जाणार. माझं कार्ड कोण वाचणार?’

ही समजूत पूर्णपणे खोटीही नव्हती. पेशंट खरोखर विखुरले. कोणी हृदयाच्या, कोणी मधुमेहाच्या, कोणी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि एकाच घरातील पाच चिठ्ठ्या पाच लेटरहेडवर दुकानात येऊ लागल्या. त्यात गुडघेदुखीसाठी दिलेले डायक्लोफिनॅक, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढवणारे वेदनाशामक, आणि रक्त पातळ करणारी गोळी एकाच माणसाच्या नावावर आल्याचे मी दोनदा पाहिले. तज्ज्ञ आपापल्या जागी योग्यच असतात. पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून पाहणारा कोणीतरी लागतो. म्हणून मला कोणी विचारले की नवा डॉक्टर कसा शोधू, तर मी आधी चालत जाता येईल असा जनरल प्रॅक्टिशनर शोधायला सांगतो आणि तज्ज्ञाचा विषय नंतर काढतो. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असणे विनियमांनुसार बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते. डिग्री कोणत्या शाखेची आहे हे विचारण्यात संकोच नको. मुंबईहून लोकलने परतणाऱ्यांनी दवाखाना रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो ते पाहावे. डॉक्टर तपासणीसाठी एकाच लॅबचा हट्ट धरत असेल तर कट प्रॅक्टिसची, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याची, शंका घ्यायला जागा आहे. पैशांची अडचण असेल तर रक्तदाब व मधुमेहासाठी महापालिकेचे आरोग्य केंद्र जवळ असते, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची ओपीडी असते. तेथे रांग असते, पण गोळी मिळते. आणि पहिल्या भेटीत जुनी फाइल टेबलावर ठेवावी. जो डॉक्टर ती उघडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जावे.

फोनविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण त्याने गोंधळ वाढवला. पुण्याला गेलेल्या डॉक्टरांना पेशंट व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवत आणि तेही मायेने उत्तर देत. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरशी झालेला सल्ला पाठपुरावा म्हणून धरला जातो, त्यामुळे यात गैर काही नव्हते. परंतु एकाच पेशंटला दोन डॉक्टर दोन मात्रा सांगू लागले आणि एकाला दुसऱ्याचे ठाऊक नसे. काकूंच्या प्रसंगानंतर जुन्या डॉक्टरांनी स्वतःच हे थांबवले. मात्र जो पेशंट फोन करी त्याला ते नव्या डॉक्टरचा नंबर विचारत आणि त्यांच्याशीच थेट बोलत. पेटीतील उरलेली कार्डे त्यांनी नोव्हेंबरात दोन बैठकांत ठाण्याला येऊन वाटली. दुसऱ्या बैठकीला आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी सारांश लिहिले आणि मी झेरॉक्स काढल्या. काही पेशंटांनी त्यांचे फोटो आपल्या चौदा अंकी आभा क्रमांकाच्या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यात चढवले. बहुतेकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवले. तेही चालते.

जुनी इमारत पाडून झाली आहे. पायाचे काम सुरू आहे आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचते. मागील जुलैत काकूंचा आय.एन.आर. २.२ आला. डॉक्टरबाईंनी शनिवार-रविवारची गोळी २ मिलिग्रॅमची केली, कार्डावर ‘श्रावण’ असे पूर्ण अक्षरांत लिहिले आणि पुढच्या तपासणीसाठी अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला सोमवार घातला. त्या सोमवारी काकू सकाळी साडेसातलाच लॅबच्या दारात उभ्या होत्या, आणि हातातल्या पिशवीत बाजारातून आणलेले बोंबील होते.